हयातीचा दाखला

सुट्टीवर आलेला फौजी कोणता आणि पेन्शनवर आलेला कोणता, हे आमच्याकडचं शाळकरी पोरही एसटीच्या थांब्यावर ओळखतं. सुट्टीवरचा माणूस अंगानं हलका असतो. पाठीला पिठ्ठू, हातात कॅन्टीनची पिशवी, आणि वाटेत कुणी हाक मारली तर फक्त मान वळते, पाय घराकडेच चाललेले असतात. झेलम एक्सप्रेसनं पुणे, तिथून मिरज, मिरजेहून मिळेल ती एसटी. त्याला गावानं दोनच प्रश्न विचारायचे असतात: कधी आलास आणि कधी जाणार. पेन्शनवरचा माणूस टेम्पोनं येतो. काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि पलटण, एक होल्डॉल, सुतळीनं बांधलेलं एखादं खोकं. सामान उतरवून झालं की तो दारात उभा राहतो. कधी जाणार, असं आता त्याला कुणी विचारणार नसतं, आणि तिथंच त्याचं पाऊल अडतं.

समोरच्या घरातले हवालदारकाका २०१८ च्या उन्हाळ्यात असेच दारात उभे होते. दाराला कुलूप होतं आणि किल्ली आमच्या घरी. काकी जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा पुण्यात नोकरीला. आई किल्ली घेऊन रस्ता ओलांडून गेली. "झाडून घेतलंय. टाकी भरलीय. दुधाचं सांगून ठेवलंय," एवढंच बोलली. "बरं केलंसा," ते म्हणाले. दोघं कुरुंदवाडच्या एकाच शाळेत, दहावीपर्यंत एकाच वर्गात. पण मधे एवढं काही घडून गेलं होतं, की दोघंही एकमेकांशी पाहुण्यासारखं बोलत होते.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कुरुंदवाडच्या पुढं. इकडच्या एका टाकळीच्या नावालाच 'सैनिक' लागलेलं आहे. पण आसपासच्या गावांतही फौजेत कुणीच नाही असं घर शोधावं लागतं. कृष्णाकाठची मळीची रानं, वर्षभर ऊस, आणि तरी पोरगं अठरा वर्षांचं झालं की बेळगावच्या वाटेला लागतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र तिथं. भरती जवळ आली की पहाटे चारला डांबरी रस्त्यावरून पळणाऱ्या पोरांच्या पावलांचा आवाज येतो. लहानपणी मी अंथरुणात पडल्या पडल्या तो ऐकायची. आज्जी तेव्हा कूस बदलायची. तिचा मुलगाही त्याच रस्त्यानं पळत गेला होता.

मरण सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी पोचत नाही, हे मला हवालदारकाकांकडे बघून कळलं. २०१६ साली काकी गेल्या तेव्हा ते अरुणाचलात होते. निरोप पोचला, रजा मंजूर झाली, तोवर डोंगरातला रस्ता बंद. ते आले ते सावडण्याच्या दिवशी, थेट नदीवर. तोवर गावाचं रडून झालेलं होतं. तेरावं उरकलं आणि ते परत गेले. पलटणीत सकाळी पीटी, संध्याकाळी रोलकॉल. तिथं प्रत्येकाच्या घरचं काही ना काही चाललेलंच असतं आणि ते कुणी तोंडावर आणत नाही. दोन वर्षं ते दुःख तसंच थांबून राहिलं. ते पेन्शनवर आले आणि त्या दुःखाचा पहिला दिवस उजाडला. गाव मात्र तोपर्यंत काकींना विसरायच्या कामाला लागलं होतं.

त्यांचा शोक मी ज्या रूपात पाहिला, तसा आधी कधी पाहिला नव्हता. ते चौकशा करत. काकी दळण कोणत्या गिरणीत टाकायची? किराणा उधार कुणाकडून आणायची? सोमवार करायची की गुरुवार? पायाला कसलं तेल लावायची? एकदा ते गिरणीत जाऊन बसले आणि गिरणीवाल्याला म्हणाले, "आमच्या घरचं दळण कसं असायचं, जाड की बारीक?" गिरणीवाला गोंधळला. मग म्हणाला, "ज्वारी बारीक, बाजरी जरा जाडसर." ते ऐकून काका तसंच दळण घेऊन घरी आले. वीस वर्षांचा संसार; पण सगळ्या रजा जोडल्या तर त्यात एकत्र राहणं चारेक वर्षांचंच. उरलेल्या सोळा वर्षांची बायको त्यांना गावातून गोळा करायची होती.

आईचं नेमकं उलटं होतं. माझे वडील २००० सालच्या पावसाळ्याअखेर कुपवाड्यात चकमकीत गेले. मी दोन वर्षांची होते. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली, तालुका लोटला, बंदुकीच्या फैरी झडल्या. यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते फोटोंमधून आणि लोकांच्या बोलण्यातून. शाळेच्या कमानीवर त्यांचं नाव आहे. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला आईला पुढच्या खुर्चीत बसवतात, शाल-श्रीफळ देतात. आई पांढऱ्या काठाची साडी नेसून ताठ बसते. आणि त्याच गल्लीत संक्रांतीला वाण लुटताना तिचं घर वगळून बायका पुढं जातात. पुढची खुर्ची देणारं गाव तेच आणि हळदीकुंकवाला न बोलावणारंही तेच. वर्षानुवर्षं आईनं दोन्ही सोसलं. मला विचाराल तर खुर्ची सोसणं अधिक अवघड असावं. संक्रांतीला ती घरात दार लावून बसू शकत होती. पंधरा ऑगस्टला तिला सगळ्यांसमोर शूर दिसावं लागे. माणूस गेल्याचं दुःख तिच्या एकटीचं कधी झालंच नाही. ते पहिल्या दिवसापासून गावाच्या मालकीचं होतं.

आमच्या भावकीत एक चुलत आज्जी होती. तिचा नवरा १९७१ च्या लढाईत गेला. त्या काळी जवानाला बहुतेक तिकडेच अग्नी देत. घरी तार येई आणि मागून कधीतरी ट्रंक येई. कारगिलपासून, म्हणजे १९९९ पासून, पार्थिव घरापर्यंत आणायची रीत रुजली. चुलत आज्जीला तारेनंतर नुसती ट्रंक मिळाली. आत दाढीचं सामान, एक स्वेटर, पैशांचा हिशेब लिहिलेली वही. तोंड बघितलं नाही म्हणून तिच्या मनानं ते कधी पुरतं मानलंच नाही. म्हातारपणी डोळे गेल्यावरही उंबऱ्यात बुटाचा आवाज झाला की ती पदर सावरायची. आई तिच्याजवळ बसायची. दोघी फारसं बोलत नसत. एकदा आई मला म्हणाली, "मी तोंड बघितलं, तिनं न्हाई. तेवढाच काय तो फरक." पोरवयात मला ते कळलं नव्हतं.

तर अशी ही दोन माणसं, रस्त्याच्या दोन बाजूंना.

शाळेतलं त्यांचं काय होतं, हे मला तुकड्यातुकड्यांनीच कळलेलं आहे. हवालदारकाकांना चित्र काढता येत नसे. त्यांच्या विज्ञानाच्या प्रयोगवहीतल्या आकृत्या आई काढून देई. बदल्यात ते वाडीहून तिच्यासाठी कवठाची बर्फी आणत. नृसिंहवाडीला त्यांच्या मामाचं दुकान होतं. एवढंच. दहावीच्या परीक्षेनंतर ते पळायला लागले, भरती झाले. आईचं लग्न तिच्या मामानं ठरवलं, तेही एका फौजीशीच, आणि योग असा की त्याच पलटणीतल्या. कुणी कुणाला काही बोललं नाही. बोलायचं असतं, हेही तेव्हा त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. मी एकदा धीर करून काकांना विचारलं होतं, की तुम्हाला वाईट वाटलं का. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिची मूत्रपिंडाची आकृती लई सुंदर असायची." मी हसले, पण ते अगदी मनापासून बोलत होते.

२०१९ चा ऑगस्ट आमच्या भागात कुणी विसरणार नाही. २००५ चा पूर मोठा म्हणायचो, तो या पुरानं लहान केला. कृष्णा आणि पंचगंगा दोन्हीकडून चढल्या. नावांतून माणसं काढली, जवान आले, बोटी आल्या. म्हशी दावणीला तशाच राहिल्या, काही नुसत्या शिंगांवरून ओळखू येत होत्या. आम्ही जयसिंगपूरला नातेवाइकांकडे गेलो. हवालदारकाका मागे राहिले आणि बोटीवर जवानांच्या बरोबरीनं राबले. त्या आठवड्यात गावानं त्यांच्या अंगावर पुन्हा वर्दी असल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. बोटीतून उतरवलेली एक म्हातारी त्यांचा हात सोडेना, असं मी पुढं ऐकलं.

पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलो. घरभर गुडघाभर गाळ, भिंतींवर वरपर्यंत ओलीची रेघ, आणि तो वास. पूर बघितलेल्यालाच तो वास कळतो. ऊस कुजल्याचा, डिझेलचा आणि मेलेल्या जनावरांचा एकत्र. माळ्यावरची बाबांची ट्रंक पाण्याखाली गेली होती. आई तिच्याकडे बघून मटकन खाली बसली. झाकण उघडलं तर आत पाणी. अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटलेले, अंतर्देशीय पत्रांचा निळा गठ्ठा ओल्या विटेसारखा.

हवालदारकाका आले, बघितलं आणि काही न बोलता परत गेले. थोड्या वेळानं दोन घमेली, स्वच्छ पाण्याचा कॅन आणि दाढीचं ब्लेड घेऊन आले. "ओढू नगा. पाण्यात सोडायचं," म्हणाले. सगळा गठ्ठा त्यांनी घमेल्यातल्या पाण्यात अलगद ठेवला आणि वाट बघत बसले. कडा सुटायला लागल्या तशी ब्लेडची बोथट बाजू मधे सरकवून ते एकेक पत्र वेगळं करू लागले. आई ते त्यांच्या हातातून घेई आणि बाजेवर पसरलेल्या जुन्या नऊवारीवर मांडे. बाबा बॉलपेननं लिहायचे म्हणून अक्षरं बरीचशी टिकली होती. शाईचं पेन असतं तर काहीच उरलं नसतं. तो सगळा दिवस मी त्या दोघांच्या हातांकडे बघत होते. काकांची बोटं जाड, नखं चिरलेली, आणि तरी एकही पत्र फाटलं नाही.

ती पत्रं मी पूर्वी चोरून वाचली होती आणि दर वेळी माझी निराशा झाली होती. पत्र लिहिण्यास कारण की. मी इकडे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी. बाळीची तब्येत सांभाळावी. आईस साष्टांग दंडवत. पत्त्याच्या जागी फक्त ५६ एपीओ. कुठं आहे, काय दिसतं, काय करतो, यातलं एक अक्षर नाही. ते लिहायला मनाईच असते. बायको त्या चार ओळी पाठ होईपर्यंत वाचणार आणि नवरा दिसणार नाही तो नाहीच.

काकांनी एक पत्र उलटं करून शिक्क्याची तारीख वाचली आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "ह्या आठवड्यात पहिला बर्फ पडलाता. लंगरात पाणी गोठलं. तुझ्या बाबानं रॉकेलच्या डब्यात शेकोटी करून वीस जणांचा चहा केला."

आईचा हात थांबला.

मग पुढचं पत्र, पुढची तारीख. "हे सांबा सेक्टरात असताना. तवा त्याला ताप होता. ताप आलेला लिहिलाय का?" लिहिलेला नव्हता. आणखी एक. "हे मी स्वतः टपालात टाकलंय." असं संध्याकाळपर्यंत चाललं. चार ओळींच्या प्रत्येक पत्रामागचा दिवस ते काढून देत होते आणि आई तो घेत होती. वडिलांना घोरायची सवय होती, ते गाणी चुकीच्या चालीत म्हणायचे, त्यांना दुधावरची साय लागत नसे, हे आईला लग्नाच्या पाच वर्षांत आणि त्यानंतरच्या एकोणीस वर्षांत जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या दिवसात कळलं. घोरण्याचं ऐकून ती हसली. गाळानं भरलेल्या घरात आई मोठ्यानं हसली. आज्जी आतून बाहेर आली, बघत राहिली, आणि चूल पेटवायला परत आत गेली.

शेवटचं पत्र हातात आलं तेव्हा काकांनी तारीख वाचली. ऑगस्ट २०००. ते म्हणाले, "ह्याचं नंतर." आईनंही विचारलं नाही.

त्या दिवसानंतर ते संध्याकाळी येऊ लागले. आता घेण्याची पाळी त्यांची होती. काकींच्या आजारपणात शेवटचे तीन-चार महिने आईच त्यांच्या उशाशी असायची. दवाखाना, पथ्य, औषधाच्या वेळा, सगळं तिनं केलं होतं. तेव्हा ती चांगली शेजारीण म्हणून करत होती. आपण कुणासाठी तरी काही जपून ठेवतोय, हे तिला कुठं माहीत होतं? काका विचारत आणि आई सांगे. शेवटी शेवटी तिला भात चालत नव्हता, पेज चालायची. दारातल्या जास्वंदीला पाणी घातलं का, हे ती रोज विचारायची. रात्री रेडिओ बारीक आवाजात लावून ठेवायला सांगायची. काका मान खाली घालून ऐकत. कधी मधेच उठून जात आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं विचारत.

मी याला प्रेम म्हणते. वयात आलेल्या पोरांच्या प्रेमाहून मला हे अवघड वाटतं. आईच्या नवऱ्याची शेवटची वर्षं त्यांच्याजवळ होती आणि त्यांच्या बायकोचे शेवटचे महिने आईजवळ. दोघंही एकमेकांच्या मेलेल्या माणसाचे साक्षीदार. दुसरं माणूस आलं की पहिल्याची आठवण पुसते, अशी एक समजूत आहे. मी पाहिलं ते वेगळंच. हवालदारकाका घरी येऊ लागल्यापासून आमच्या घरात बाबांचं नाव रोज निघू लागलं. आधी ते वर्षातून दोनदा, माइकवरून निघत असे.

सगळंच गोड नव्हतं, आणि ते तसं नव्हतं म्हणून मला त्यावर भरवसा वाटतो. काकींनी शेवटी एक गोष्ट बोलून ठेवली होती. आईनं ती चार वर्षं आत दाबून ठेवली. शेवटी एका रात्री, लॉकडाऊनच्या काळात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, ओट्यावर बसून सांगितली. काकी म्हणाल्या होत्या, "त्येंना आता बोलवू नगा. आलं तरी परत जायच्या तारखेकडंच बघत बसत्यात." मी दारामागे होते. काका काही बोलले नाहीत. उठले नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला, "खरं हाय ते." आणि आई म्हणाली, "खरं हाय म्हणूनच सांगितलं. खोटं असतं तर मी सांगितलं नसतं." सांत्वनाचा एक शब्द तिनं काढला नाही. नुसती शेजारी बसून राहिली.

त्यांनीही तिला असंच काही दिलं. रात्रीच्या गस्तीला निघताना बाबांचे हात थंडगार पडत. भीतीनं. ते काकांपुढं हात करत आणि काका ते चोळून देत. पंधरा वर्षं भरली की पेन्शन घ्यायची आणि दोन जर्सी गाई पाळायच्या, असं बाबांचं ठरलं होतं. दुसरं काही त्यांना नको होतं. कमानीवरच्या नावात ही भीती कुठंच नाही. भाषणात तर नाहीच. एकोणीस-वीस वर्षं आई एका न घाबरणाऱ्या माणसाची विधवा होती. हे ऐकल्यावर ती रडली. मी तिला तशी रडताना कधी पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाली, "मलाबी अंधाराचं भ्या वाटायचं. मला कधी बोलला न्हाई ते." त्या रात्री माझे वडील मला पहिल्यांदा मिळाले, असं मी म्हणेन. फोटोतल्या हाराआडून कुणीतरी थंड हात पुढं केले.

आईमध्ये काय बदललं म्हणाल, तर ती भांडायला लागली. पूर्वी ती व्यासपीठावर बसल्यासारखं बोलायची, मोजून. आता उसाच्या दरावरून, कालव्याच्या पाळीवरून, आमटीतल्या मिठावरून ती काकांशी कडाकडा भांडते. काका "व्हय की, व्हय की" करतात आणि मग हळूच आपलाच मुद्दा पुढं सरकवतात. ऐकायला मला फार बरं वाटतं.

गावानं बघितलं, बोललं. मामा येऊन बसले. लोक काय म्हणतील हे त्यांनी चहा गार होईपर्यंत सांगितलं. उत्तर आज्जीनं दिलं. "त्यो आला की माझ्या पोराचं नाव घरात निघतंय. येऊ दे त्याला." मुलगा तिचा गेलेला. तिच्यापुढं कोण काय बोलणार?

नंतर मे २०२२ मध्ये शेजारच्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. वर्तमानपत्रांत आमच्या तालुक्याचं नाव झळकलं. आईनं बातमी चष्मा लावून दोनदा वाचली आणि घडी घालून गादीखाली ठेवली. पुढच्या संक्रांतीला गल्लीतल्या दोघी-तिघी वाण घेऊन आमच्या दारात आल्या. सगळ्या नाही आल्या. आईनं त्यांना तिळगूळ दिला आणि आत येऊन बराच वेळ हात धूत राहिली.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात दोघं नृसिंहवाडीला दक्षिणद्वाराला गेली. कृष्णा चढली की तिचं पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या पाण्यात अंघोळ करायला लांबलांबून माणसं येतात. जिनं आमचं घर बुडवलं त्याच नदीत आई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. काका दोरीला धरून, एक हात तिच्याकडे करून. तो हात तिनं सगळ्यांदेखत धरला. येताना बर्फी आणली, कवठाची. मामाचं दुकान आता मामेभाऊ चालवतो.

आणि मग नोव्हेंबर येतो. नोव्हेंबरात पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा असतो. काका सैनिक म्हणून, आई सैनिकाची विधवा म्हणून; दोघं एकाच दिवशी, एकाच एसटीनं बँकेत जातात. यंत्रावर अंगठा ठेवायचा, जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. विधवेला आणखी एक प्रश्न असतो: पुनर्विवाह केला आहे का? नियम आता पूर्वीइतके कडक नाहीत. शौर्यपदकाचा भत्ता विधवेनं पुनर्विवाह दिवंगत नवऱ्याच्या भावाशी केला तरच पुढं चालू राहील, अशी अट होती. तीही नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारनं काढली. बाईनं पुन्हा कुणाचा हात धरायचा हे इतकी वर्षं कागदावर ठरत होतं, हे वाचलं तेव्हा माझ्या अंगाची आग झाली होती. पण नियम सैल झाले तरी खिडकीपलीकडचा माणूस तो प्रश्न मोठ्यानंच विचारतो, मागे रांग असते, आणि उत्तर मोठ्यानंच द्यावं लागतं.

गेल्या नोव्हेंबरात मी सोबत होते. आईनं "नाही" म्हटलं. काका दोन माणसं मागे उभे होते. बाहेर आल्यावर ते पाण्याची बाटली आणायला गेले आणि आईनं मला विचारलं, "तुला काय वाटतं गं? पुढच्या वर्षी दुसरं उत्तर दिलं तर?"

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते मी तिला तिथंच सांगितलं. मला भीती वाटते. बाबांना पाहिलेला, त्यांचे हात चोळलेला हा एकच माणूस माझ्याजवळ आहे. उद्या तो आमच्याच घरातला झाला, त्याचीही दुखणीखुपणी, रुसवेफुगवे आमचे झाले, तर मग बाबांचं मला कोण सांगणार? घरातली माणसं एकमेकांना अशा गोष्टी सांगत बसत नाहीत.

आईनं ते नीट ऐकून घेतलं. "मला न्हाई वाटत तसं," म्हणाली. "पण तुला वाटतंय तर आधी तू त्यांच्याशी बोल. त्या शेवटच्या पत्राचं अजून राहिलंय. मी कधी विचारलं न्हाई. तू विचार."

काका बाटली घेऊन आले. कुरुंदवाडची एसटी लागली होती, गर्दी होती. त्यांनी खिडकीतून रुमाल टाकून तीन जागा धरल्या. वाटेत त्यांचं आणि आईचं कारखान्याच्या पहिल्या उचलीवरून सुरू झालं. मी मधल्या जागेवर बसले होते. विचारावं असं दोनदा वाटलं, पण तो प्रश्न भरलेल्या एसटीत विचारायचा नव्हता. येत्या रविवारी ते शेतावर एकटेच असतील. तेव्हा पत्र घेऊन जाईन म्हणते.